पाण्याआडचा पाडा

मराठीत 'बेट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाण्याने वेढलेली भूमी हा एक, आणि कळकांचा दाट पुंजका हा दुसरा. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कोणी बेटाची गोष्ट काढली तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कळकच उभा राहतो, आणि ते स्वाभाविक आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या मुलखाचा समुद्राशी संबंध काय तो सुक्या बोंबलापुरता. तथापि पहिल्या अर्थाचीही बेटे येथे आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस धरण काठोकाठ भरले म्हणजे एका अंगाला डोंगराची भिंत आणि उरलेल्या अंगांना पाणी, अशा स्थितीत सापडलेले पाडे भातसेच्या फुगवट्याच्या कडेने आढळतात. तेथील माणसे मासे मारून जगतात. निदान मासे मारून जगण्याची खटपट करतात. मुंबईहून आसनगावचे स्टेशन रेल्वेने सुमारे दोन तासांचे. तेथून पुढे अशा एखाद्या पाड्यावर पोहोचण्यास किती वेळ लागावा हे मात्र ऋतूवर अवलंबून आहे. वैशाखात तासदीड तास चालावे. भाद्रपदात होडी मिळाली तर अर्ध्या घटकेचे काम, आणि न मिळाली तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस मोडावा.

आम्ही या भागातील एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. आमच्या पिढीतील इंग्रजी शिकलेल्या माणसाचे भूगोलाचे ज्ञान मोठे गमतीचे असते. घराजवळच्या ओढ्याचे नाव त्याला पुष्कळदा सांगता येत नाही, परंतु आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५७ च्या आरंभी आरू बेटांतील डोबो या गावी कसा उतरला हे तो सविस्तर सांगेल. वॉलेसचे मलाया द्वीपसमूहावरील पुस्तक १८६९ साली प्रसिद्ध झाले. आज ज्याला आपण इंडोनेशिया म्हणतो त्या देशाच्या अगदी पूर्व टोकाकडील ते गाव. मोत्यांचे शिंपले आणि समुद्रातील नाना जिन्नस यांच्या व्यापारासाठी दूरदूरची माणसे तेथे जमत. तेथे ना पोलीस, ना न्यायालय, ना वकील. आणि असे असूनही ही बहुरंगी वस्ती एकमेकांची डोकी न फोडता सुखाने नांदते, याचा त्या इंग्रज गृहस्थास फार अचंबा वाटला. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून भातसेकाठच्या त्याच्या पाड्यावर आमचे गेली तीन वर्षे जाणेयेणे आहे. तेथे जाताना आम्हाला वॉलेसची नेहमी आठवण होते, ती साम्यामुळे नव्हे. डोबोवर कोणाचेच राज्य नव्हते. या पंचवीसतीस उंबऱ्यांच्या पाड्यावर ते चारपाच जणांचे आहे.

हे राज्य कसे आले हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबई शहराने १८६० साली विहार तलावाचे पाणी पिण्यास आरंभ केला. ते पुरेना म्हणून ते शहापूर तालुक्यापर्यंत आले आणि १८९२ मध्ये तानसाचे धरण पुरे झाले. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. नानासाहेब मोडक या मराठी अभियंत्याचे नाव त्याला दिलेले आहे, आणि ते योग्यच झाले. नंतर राज्य सरकारने भातसेवर ८८ मीटर उंचीचा बांध घातला व १९८० च्या सुमारास तेथूनही मुंबईला पाणी मिळू लागले. आज मुंबईला रोज जे जवळजवळ ४०० कोटी लिटर पाणी लागते त्यातील सुमारे निम्मे एकट्या भातसेचे असते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथपर्यंत वाहते, तेथे ते उपसतात, पांजरापूरला गाळतात आणि मग शहराकडे धाडतात. मुरबाडकडे बारवीचे धरण औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. ते कारखान्यांना आणि कल्याण-अंबरनाथकडील वस्तीला पाणी देते. काळू नदीवरचे आणखी एक धरण मुरबाड तालुक्यात व्हावयाचे होते. २०१२ साली उच्च न्यायालयाने त्याचे काम थांबविले. त्या न्यायालयाच्या इमारतीतही नळाला पाणी येते ते येथूनच, असा खवचट विचार आमच्या मनात येऊन गेला, पण त्यात काही अर्थ नाही. तहानलेल्या शहराला पाणी देऊ नये असे म्हणणारा मनुष्य आम्हाला या दोन्ही तालुक्यांत अद्याप भेटलेला नाही.

परंतु येथे वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही दर उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. खडक काळा व कठीण, उतार तीव्र. पडलेले पाणी चार महिन्यांत खाली निघून जाते. धरण खोऱ्याच्या तळाशी, पाडा डोंगराच्या अंगावर. पाणी डोळ्यांना अहोरात्र दिसते, आणि हंडाभर आणावयाचे तर गाळाने भरलेला, पाय रुतणारा तो चढ उतरून पुन्हा चढावा लागतो. एप्रिलमध्ये पाणी जसजसे मागे सरकते तसतशी ही वाट लांबत जाते. आमच्या विद्यार्थ्याची आई ही वाट पावलांनी मोजते. होळीला इतकी, अक्षय्यतृतीयेला इतकी, असे तिचे पंचांग आहे.

या पाड्यावर ठाकूर आणि कातकरी अशा दोन्ही समाजांची घरे आहेत. कातकऱ्यांचे नावच मुळी खैराचा कात काढण्यावरून पडले. तो धंदा बुडाला, डोंगरउतारावरची दळी गेली, आणि नदीतली मासळी व खेकडे हे जे पूर्वी तोंडीलावणे होते ते आता उपजीविका होऊन बसले. ठाकुरांची थोडीफार भातशेती होती; तिचा चांगला भाग पाण्याखाली गेला. राहिला तो वरकस. तेव्हा दोघेही मासेमार झाले, आणि ते कोणाला न विचारता झाले. खाडीकाठच्या कोळ्याला त्याचा धंदा बापजाद्यांपासून मिळालेला असतो. त्याला त्याची गाणी असतात, नारळी पौर्णिमा असते, होडीला नाव असते. भातसेकाठच्या मासेमाराला यांतले काही नाही. त्याची होडी म्हणजे बहुधा मालमोटारीच्या चाकाची फुगविलेली रबरी ट्यूब. तिच्यावर फळी बांधून तो बसतो, हातांनीच पाणी मागे सारतो आणि संध्याकाळी जाळे पसरून येतो. पहाटे अंधारातच ते उचलावयाचे. वारा उठला तर ट्यूब हवी तिकडे जात नाही. या पाड्यावर पोहता न येणारे मूल नाही. तरीही ज्या घरातून असा कोणी परत आला नाही अशी दोन घरे आम्हाला दाखविण्यात आली.

जाळे कोठे टाकावे ही या धंद्यातील खरी विद्या आहे, आणि ती आम्हाला ज्या रीतीने समजली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. एका संध्याकाळी आमच्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ आजोबांना विचारीत होता, "आज खळ्यावर टाकू का आंब्यावर?" आम्ही समोर पाहिले तर सपाट पाणी. खळे नाही, आंबा नाही. मग उलगडा झाला. हे आजोबा आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. पाणी चढले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. बुडालेल्या गावाचा प्रत्येक बांध त्यांच्या ध्यानात आहे, आणि मासा हा प्राणी असा की तो उघड्यावर राहत नाही. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी, पडक्या जोत्याच्या आडोशाला, विहिरीच्या तोंडाशी तो जमतो. आंब्यावर जाळे टाकले तर ते खोडाला अडकून फाटण्याचे भय, पण मासळी मोठी. खळ्यावर तळ सपाट, जाळे सुरक्षित, मासळी बारीक. देवळाच्या पायरीवर मरळ मिळतो, परंतु तेथे ते जाळे टाकीत नाहीत. अशा रीतीने बुडालेल्या गावाचा सारा नकाशा जिवंत राहिला आहे, तो मासेमारीचा नकाशा म्हणून. ज्या पोरांनी तो आंबा कधी पाहिला नाही ती आता त्याच्या फांद्यांची दिशा जाणतात, कारण जाळे कोणत्या बाजूने ओढावे हे त्यावर ठरते. एखाद्या वर्षी पाऊस ओढ देतो, पाणी फार खाली जाते आणि जोत्यांचे दगड उघडे पडतात. त्या दिवसांत म्हातारी माणसे तेथे नुसती जाऊन बसतात. आम्ही आजोबांना विचारले, "बाबा, दुःख होते का?" ते म्हणाले, "दुख कसला मास्तर? गाळ किती चढला तो बघाया जातो." मग थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन त्यांच्या घराचे जोते कोणते ते दाखविले.

मासळीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नदी होती तेव्हाची मासळी निराळी. पहिल्या पावसात ओहोळांतून उलट वर चढणारी जी मासळी तिला इकडे वलगण म्हणतात. त्या रात्री सारा पाडा कंदील व बांबूच्या सापळ्या घेऊन बाहेर पडतो, आणि वर्षातून एकदा तरी लहानथोर सर्वांचे पोट भरते. धरणात आता प्रामुख्याने मिळतो तो कटला, रोहू, मृगळ. हे गंगेकडचे मासे. त्यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते आणि ती वाढून विकण्याजोगी होण्यास वर्ष जाते. शिवाय चिलापी नावाचा परदेशी मासा कोठून आला तो आला, आणि आता तो जात नाही. मोठा मासा पाड्यावर शिजत नाही. तो बर्फात घालून आधी पाण्यापलीकडे, मग रिक्षाने शहापूरला वा खर्डीला जावयाचा. बर्फ पाड्यावर नाही, व्यापाऱ्याकडे आहे. म्हणून भावही व्यापाऱ्याकडे आहे. सूर्य वर आला की माशाची किंमत खाली जाते हे दोघांनाही ठाऊक असते, परंतु त्याची घाई एकालाच असते. कटला विकून आलेल्या पैशांतून बायका बाजारात सुकट घेतात. गोड्या पाण्याच्या काठी राहणारी माणसे खाऱ्या पाण्याची वाळवलेली मासळी खाऊन पावसाळा काढतात, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

दिवाळी झाली की अर्धा पाडा रिकामा होतो. वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी कुटुंबच्या कुटुंब भिवंडी-कल्याणकडे जाते व मृगाच्या तोंडावर परत येते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तो वाचून दाखवावा असे एकदा आमच्या मनात आले होते, पण ज्या घरी तो वाचावयाचा त्या घराला कुलूप होते. कुलूप म्हणजे दोरीच. जे घर मासळीवर वर्षभर तग धरते ते भट्टीवर जात नाही; हा हिशेब आम्ही तीन वर्षे पाहिला आहे. म्हणून मासळीचा प्रश्न हा आमच्या मते तोंडीलाव्याचा प्रश्न नव्हे. मुले शाळेत राहतात की नाही ते त्यावर ठरते.

आता ही मासळी कोणाची? आजोबांचे उत्तर आम्ही जसेच्या तसे देतो. "पाणी मुंबयचा, रान सायबाचा, आन मासा ठेक्याचा." सरकारी जलाशयांतील मासेमारी ठरावीक मुदतीने ठेक्याने देण्याची पद्धत आहे, आणि तो ठेका सहकारी संस्थेला द्यावा असा संकेतही आहे. संकेत चांगला आहे. परंतु संस्था म्हणजे कागद, हिशेब, तालुक्याच्या फेऱ्या, आणि बोटुकलीसाठी आगाऊ पैसा. ज्याच्यापाशी हे सारे असते त्याच्यापाशी ट्यूबवर बसण्याचे धैर्य क्वचितच असते. त्यामुळे सभासद एक आणि मासेमार दुसरा, असे चित्र उभे राहण्यास वेळ लागत नाही. मग ज्याच्या गावावर पाणी चढले तो आपल्याच आंब्यावर दुसऱ्याच्या परवानगीने जाळे टाकतो.

हे असेच असावे असा काही ईश्वरी नियम नाही. मध्य प्रदेशात तवा नदीवरील धरणाने विस्थापित केलेल्या आदिवासींनी लढून १९९६ मध्ये त्या जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या संघाकडे घेतला. जवळजवळ दहा वर्षे तवा मत्स्य संघाने बीज सोडणे, विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवणे, माल बर्फात घालून दूरच्या बाजारात धाडणे, ही सारी कामे केली. पुढे वाघांच्या राखीव क्षेत्राचा प्रश्न आला आणि तो हक्क गेला. ही गोष्ट इकडे सांगताना आम्ही तिचा शेवटही सांगतो, कारण तानसाच्या पाण्याभोवती १९७० पासून अभयारण्य आहे, आणि वाघ नसला तरी नियम असू शकतात हे पाड्याला माहीत आहे.

कायद्याची बाजू पाहिली तर ती अगदीच ओस नाही. शहापूर हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलाशयांची व्यवस्था पंचायतींकडे दिली. मोठ्या जलाशयांविषयी तो गप्प आहे. म्हणजे तळे तुमचे, धरण आमचे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे व पाण्यातील इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धरणाच्या पाण्याला तो कितपत लागू पडतो याचा खल वकिलांनी करावा. परंतु मासा हा शब्द एकदा कायद्यात शिरला आहे, आणि आमचा विद्यार्थी तो कागद घडी घालून खिशात बाळगतो.

हा विद्यार्थी आता पदवीधर झाला. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. पडघ्याजवळ गोदामांची जी अफाट नगरी उभी राहिली आहे तेथे त्याला रात्रपाळीचे काम मिळते. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर पत्रे, पायाखाली कोरडी जमीन. दुसरी वाट म्हणजे पाड्यावरच्या वीसएक तरुणांनी मिळून संस्था काढावी, ठेक्यात वाटा मागावा, बर्फाची पेटी आणि एक खरीखुरी होडी घ्यावी. "सर, काय करू?" असे त्याने आम्हाला विचारले. त्याला 'गावात राहा' असे सांगण्याचा अधिकार गावात न राहणाऱ्या माणसाला नाही असे आमचे मत आहे. शहरातील सभांतून खेड्यात राहण्याचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी भाद्रपदात अडलेल्या बाळंतिणीची डोली पाण्यापर्यंत आणून होडीची वाट पाहिलेली नसते. आम्ही त्याला एवढेच सांगितले की पगाराची वाट उद्याही मोकळी राहील, ठेक्याची मुदत मात्र तारखेची आहे.

मालुकू बेटांत, म्हणजे वॉलेसच्या डोबोच्याच बाजूला, सासी नावाचा एक जुना रिवाज आहे. गावाने ठरवून समुद्राचा एखादा भाग काही काळ बंद करावयाचा. त्या मुदतीत तेथे कोणी जाळे टाकावयाचे नाही. मुदत सरली की सर्वांनी मिळून काढावे. या रिवाजामागे पुष्कळ ठिकाणी देवाधर्माचे बळ असते. आम्ही ही हकीकत पाड्यावर सांगितली तेव्हा तरुणांनी ती उचलून धरली. वलगणीच्या पहिल्या पंधरवड्यात ओहोळांच्या तोंडाशी सापळे लावू नयेत, कारण चढणारी मासळी गाभोळीने भरलेली असते, असे त्यांचे म्हणणे. आजोबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या पंधरा दिसांत आमी खायचा काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भट्टीवरून आलेल्या माणसाच्या हाती तेव्हा पैसा नसतो, शेत उगवलेले नसते, धान्याची कणगी तळाला गेलेली असते; वलगण हीच त्याची भूक भागविणारी वेळ. मासा राखावयाचा तर त्या पंधरवड्याचे धान्य कोणीतरी राखले पाहिजे, आणि तसे राखणारा अद्याप कोणी पुढे आलेला नाही.

तीन रात्री वाद झाला. अखेर असे ठरले की तीन ओहोळांपैकी एकच बंद ठेवावा. कोणता, यावर पुन्हा भांडण. प्रत्येकाला दुसऱ्याच्या दारचा ओहोळ बंद व्हावा असे वाटे. शेवटी गाव बुडताना वर आणून बसविलेली गावदेवी ज्या ओहोळाच्या काठी आहे, तो निवडण्यात आला. यंदाच्या पावसात तेथे कोणी सापळा लावला नाही, असे पाड्यावरचे लोक सांगतात. आम्ही रात्री तेथे नव्हतो. संस्थेचा अर्ज तालुक्याला दिला आहे. त्यावर एकवीस सह्या आहेत, त्यांतील चार अंगठे, आणि एक अंगठा आजोबांचा. आमचा विद्यार्थी तूर्त पडघ्याला रात्रपाळी करतो. शनिवारी सकाळी सुटला की पाड्यावर येतो आणि त्या संध्याकाळी आंब्यावर जाळे टाकतो.